मामाने वाचवलेले तास

जुनं विमान विकत घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो. मग आत डोकावून गाद्या बघतो, काचेवर बोट फिरवतो आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणतो, "झकास आहे ना?" मी पिशवीतून टॉर्च, छोटा आरसा आणि टोचणी काढते आणि शेपटीकडे चालू लागते. विकणारा तिथेच घाम पुसायला लागतो.

ऐंशीच्या दशकात मी जुहूच्या विमानतळावर एका दुरुस्तीच्या हँगरमध्ये इंजिनिअर होते. परवाना असलेली, म्हणजे माझी सही झाल्याशिवाय विमानाने जमीन सोडायची नाही. अंधेरीच्या घरातून डबा घेऊन निघायचं, तिथे पोचलं की निळा बॉयलर सूट चढवायचा, अंबाडा टोपीत कोंबायचा आणि कामाला लागायचं. सुरुवातीला बाहेरून आलेली माणसं मलाच विचारत, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायची, "बोला, ऐकतेय." पुढे पुढे ते विचारणं बंद झालं, कारण छोट्या जुन्या विमानाचा भाव ती बाई सांगते तोच खरा, असं या धंद्यात बोललं जाऊ लागलं. ते खोटं नव्हतं. मला विनय फारसा जमत नाही. जे येतं ते येत नाही म्हणण्यात मोठेपणा कसला, हे मला कधी कळलं नाही.

लोकांना वाटतं भाव वयावर ठरतो. तसं काही नसतं. इंजिनाला तासांचा हिशेब असतो हे खरं. ठरलेले तास भरले की ते पूर्ण उघडून, झिजलेलं सगळं बदलून पुन्हा जुळवायचं, त्याला ओव्हरहॉल म्हणतात. ओव्हरहॉलनंतर जितके कमी तास झाले तितका भाव जास्त, एवढं कुणालाही पाठ असतं. पण विमान राहिलं कुठे, समुद्राकाठी की कोरड्या गावात? कधी आपटलं का, आणि आपटल्यावर कुणी सरळ केलं? सुटे भाग इथे मिळतात की आयातीचा परवाना काढून परदेशातून येईपर्यंत विमानाने नुसतं उभं राहायचं? हे सगळं बघावं लागतं. आणि मी सगळ्यात आधी जे विचारते ते समोरच्याला बिनमहत्त्वाचं वाटतं. हे शेवटचं उडालं कधी?

हा प्रश्न मला सख्ख्या मामाला विचारायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

मामा बोरिवलीचा दातांचा डॉक्टर. स्टेशनच्या जवळ दवाखाना, दवाखान्याच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या. मूलबाळ नाही. तरुणपणी हौसेने विमान उडवायला शिकला होता आणि ती हौस त्याच्या अंगातून गेलीच नाही. त्याच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी फ्लॅट घेतले, गाड्या घेतल्या. मामाने साठवलेलं सगळं घालून एक जुनं दोन आसनांचं विमान घेतलं. आजोबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मामी फक्त हसली होती म्हणे.

मामी मनोरीची, कोळ्यांची मुलगी. तिच्या माहेरी होड्या होत्या. तिच्या वडिलांची दाढ काढताना मामाची आणि तिची ओळख झाली, आणि त्या दाढेवरून आमच्या घरात जे रामायण झालं ते आता सगळे हसत सांगतात. विमान आलं त्या वर्षी मामाने तिला शब्द दिला होता, "तुला तुझ्या माहेरावरून फिरवून आणतो. मार्व्याला खाडी ओलांडायला तरीची वाट बघत उभं राहायला नको. वरूनच बघ सगळं."

तो शब्द पंधरा-सोळा वर्षं तसाच राहिला. मामाने कुठेतरी वाचलं होतं की इंजिनाचे तास मोजलेले असतात. त्यातून त्याने स्वतःपुरता अर्थ काढला, की उडवलेला प्रत्येक तास म्हणजे विमानाच्या किमतीतून गेलेला तास. मग तो तास वाचवू लागला. लायसन टिकण्यापुरतं वर्षातून जेवढं उडवावं लागे तेवढंच उडवायचा, तेही एकटा. दुसरं माणूस बसलं की वजन वाढतं, वजन वाढलं की इंजिनावर ताण येतो, असं त्याचं गणित. मामीला तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." मामी म्हणायची, "बरं."

मात्र रविवार त्याने कधी चुकवला नाही. सकाळी जुहूला यायचा, विमानावरचं आच्छादन काढायचा. ते आच्छादन त्याने बोरिवलीच्या सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या माणसाकडून खास शिवून घेतलं होतं, बाहेरून जाड कॅनव्हास, आतून प्लास्टिकचं अस्तर. मग मामीच्या जुन्या मऊ सुती लुगड्याच्या फडक्याने सगळं विमान पुसायचं. मग इंजिन सुरू करून दहा मिनिटं जागच्या जागी चालवायचं. "घसा मोकळा राहतो," तो म्हणायचा. मग बंद करून पुन्हा झाकायचं आणि घरी जाऊन मामीच्या हातचे बोंबील खायचे.

लहानपणी दसऱ्याला आम्ही सगळी भाचरं तिथे जायचो. चाकांना हळदकुंकू, नाकाला झेंडूची माळ, पुढे नारळ. नंतर एकेकाला आत बसायला मिळायचं, पण चपला बाहेर काढून. गादीवरचं प्लास्टिक मामाने काढलेलं नव्हतं, ते मांडीला चिकटायचं. समोरच्या काट्यांना बोट लावायचं नाही. शेवटच्याला कुणी घाईने उतरवत नसे म्हणून मी मुद्दाम शेवटी बसायची. आज मी जे काही आहे ते त्या चिकट गादीमुळे आहे, हे मी मामाला अनेकदा सांगितलं आहे. तो म्हणतो, "मग? जपलं म्हणून बसायला मिळालं ना?"

आमच्या माणसांची ही तऱ्हाच. टीव्हीला शटरचं कपाट आणि वर क्रोशाचा रुमाल, चांगली क्रॉकरी काचेच्या आड, भारी साडी कुणाच्या तरी लग्नासाठी नॅप्थलीनच्या गोळ्यांत. कुणाचं लग्न ते ठरलेलं नसतं. मी त्यातलीच, मला हसायचा हक्क आहे. पण टीव्ही आणि साडी झाकून ठेवल्याने फारसं बिघडत नाही. विमानाचं तसं नाही.

मग मामाला रक्तदाब निघाला. वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला आणि लायसन गेलं. वर्षभर तो चिडलेला होता, पण रविवारचं पुसणं आणि दहा मिनिटांचं घरघरवणं चालूच होतं. पुढचं वर्षही तसंच गेलं. त्यानंतर एका रविवारी ताट पुढे घेऊन तो म्हणाला, "विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक आहे. घाटावरची उडायला शिकवणारी शाळा आहे, तिथले मुख्य शिक्षक बघून गेले. खूश झाले. भाव तू सांगशील तो, म्हणाले. तुझं नाव त्यांनीच काढलं, मी नाही."

"मी तुझी भाची आहे हे सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. म्हणाले, असू द्या, ती बाई बापाच्या विमानालाही सूट देणार नाही असं ऐकलंय."

मामी गालातल्या गालात हसली. मामा बोलत राहिला. त्याला पैशाची नड नव्हती, हे मी जाणून होते. त्या दोन खोल्यांत त्याचं बरं चाललं होतं. त्याला माझ्याकडून वेगळंच काही हवं होतं. आपण इतकी वर्षं स्वतःचा हात आखडून जे केलं ते शहाणपणाचं होतं, असं एका जाणत्या माणसाने म्हणावं, एवढं हवं होतं. "ओव्हरहॉलनंतर किती कमी तास झालेत बघ," तो म्हणाला. "असं विमान तू पाहिलं नसशील. तूच लाजशील."

मी त्याच वेळी विचारलं, "मामा, हे शेवटचं उडालं कधी?"

"उडालं नाही म्हणून तर असं आहे," मामा म्हणाला आणि त्याने आणखी भात घेतला.

मी ताट बाजूला सारलं. विमानाच्या आत काय निघणार ते मला तिथेच कळलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी शाळेचे शिक्षक आले. रापलेला, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, बोलणं मोजकं. मामा इस्त्रीच्या शर्टात होता. मामी डबा घेऊन आली होती आणि हँगरच्या दाराशी सावलीत स्टुलावर बसली होती. मामाने आच्छादन काढलं आणि खरं सांगते, क्षणभर मीही भुलले. पांढऱ्यावर निळा पट्टा, कुठे ओरखडा नाही, काच अशी की नसल्यासारखी. असं देखणं छोटं विमान मुंबईत दुसरं नव्हतं.

"इंजिनाचा एक सिलिंडर उतरवून आत बघणार आहे," मी म्हटलं.

"उतरवून?" मामा पुढे आला. "चालतंय की ते. आवाज ऐक ना तू. कशाला खोलायचं?"

"मामा, दुसरं कुणाचं असतं तर मी विचारलंही नसतं."

तो बाजूला झाला. मी सिलिंडर उतरवला आणि टॉर्च मारला. आतली भिंत आरशासारखी असायला हवी. तिथे तांबूस खड्डे होते, भिंतभर, देवीचे वण असावेत तसे. खालचे चालते भागही तसेच गंजून खडबडीत झालेले. शिक्षकांनी वाकून पाहिलं आणि ते सरळ झाले.

मामाला समजावून सांगणं भाग होतं. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा थोडं पाणी तयार होतं, ते तेलात उतरतं. विमान उडालं की तेल चांगलं तापतं आणि त्या पाण्याची वाफ होऊन निघून जाते. दहा मिनिटं जमिनीवर चालवलं तर तेल नुसतं कोमट होतं. पाणी आत येतं आणि आतच राहतं. दर रविवारी थोडं थोडं.

"म्हणजे मी दर रविवारी..." मामा म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "वरवरचं असेल. घासून जाईल. तू उगाच बाऊ करतेस. तुझ्या त्या पुस्तकात सगळी विमानं विलायतेत असतात."

मला राग आला. भाचीने लाड करावेत म्हणून भाव विचारायचा आणि भाव सांगितला की पुस्तकाला नावं ठेवायची? "विलायतेत जुहूचा खारा वारा नाही," मी म्हटलं, "आणि ओल आत कोंडणारं प्लास्टिकच्या अस्तराचं कव्हरही कुणी शिवत नाही. चल मागे. शेपटी बघायची आहे."

या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता. त्यावर कापड ताणून बसवलेलं आणि कापडावर डोप नावाच्या रसायनाचे हात देऊन ते ढोलाच्या चामड्यासारखं ताठ केलेलं. असं विमान उभं असतं तेव्हा नाक वर आणि शेपटी खाली असते. आत शिरलेला सगळा ओलावा सांगाड्याच्या खालच्या नळीतून घरंगळत शेपटीशी येऊन साचतो. बाहेरून काही दिसत नाही. बघायचं तर कापड कापावं लागतं. याआधी ज्यांनी ज्यांनी कापायचं म्हटलं त्यांना, मलाही, मामाने हात लावू दिला नव्हता. आज मी कात्री घेतली तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

तळहाताएवढं कापड मी उघडलं. नळीवर रंग होता. चकचकीत हिरवा, बाहेरून काही बिघडलेलं दिसत नव्हतं. मामा तेवढ्यात वळला आणि त्याने ते पाहिलं. "बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा चढला. "बघ जरा नीट."

मी बघितलं नाही. टोचणी त्याच्या हातात दिली. "तू बघ."

हे मी ठरवून केलं नव्हतं. पण मामाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडात वाकडी सुई फिरवण्यात गेलं होतं. वरून पांढराशुभ्र दिसणारा दात आतून कुठे पोखरलाय, हे त्याला डोळ्यांनी नव्हे, बोटांनी कळायचं. त्याने टोचणी दोन बोटांत धरली, अगदी दवाखान्यात धरतो तशी, आणि नळीवरून हलकेच फिरवत नेली. एका जागी थांबला. थोडा दाब दिला. टोक आत गेलं. त्याने ते बाहेर काढायचा प्रयत्न केला तेव्हा ते किंचित अडकलं, आणि त्या अडकण्याने त्याला जे कळायचं ते कळलं. रोग्याच्या तोंडात टोक असं अडकलं की मामा मान हलवून मागे सरतो. तसाच सरला.

"कीड आहे," तो म्हणाला.

मी टॉर्च जवळ धरला. त्याने पुढे आणखी दोन ठिकाणी टोचून पाहिलं, स्वतःहून. मग टोचणी फडक्याला पुसून मला परत दिली आणि डॉक्टरसारखं विचारलं, "काढावं लागेल?"

"नाही. सडलेला तुकडा कापून नवी नळी जोडता येते. इंजिन पूर्ण खोलावं लागेल. वाचेल."

"हे मी जपल्यामुळे झालं?"

"न उडवल्यामुळे झालं, मामा." खोटं बोलणं मला जमलं असतं तर मी तिथे बोलले असते.  हा माणूस किती वर्षं दर रविवारी इथे येऊन, आभाळ मोकळं असताना, वारा हवा तसा असताना, विमान पुसून झाकून घरी गेला होता. आता त्याला उडायची परवानगी नव्हती आणि वाचवलेले तास गंजून गेले होते. त्याला ते दुसऱ्याच्या हवालीही करता येणार नव्हते.

मामी उठून आली होती. "काय झालं?" तिने विचारलं. मामाने सांगितलं, इंजिनाचं, नळीचं, सगळं, न लपवता. मामी इतकी वर्षं बोरिवलीत राहून आमच्यासारखी बोलायची, पण संतापली की तिची बोली मनोरीला जायची.

"आमचा बा म्हनायचा, होरी दर्याला नाय गेली तं सुकून फुटते," ती म्हणाली. "मी तुला बोल्ले नाय. मला वाटलं, विमानाचं निराळं असंल." मग तिने डबा उघडला आणि आधी शिक्षकांच्या हातात पोळीची गुंडाळी दिली, कारण पाहुणा उपाशी होता.

भाव मी तिथेच सांगितला. पंख उत्तम, नाकावरचा पंखा उत्तम, कापड उत्तम, कधी आपटलेलं नाही, कागदपत्रं चोख. इंजिनाला ओव्हरहॉल हवा, म्हणजे इंजिनाची किंमत जवळजवळ धरायचीच नाही, आणि शेपटीचं काम वेगळं. मामाच्या मनात जो आकडा होता त्याच्या निम्म्यावरही तो आला नाही. शिक्षकांनी एक पैसा कमी करा म्हटलं नाही. मामानेही वाढवा म्हटलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "दुरुस्ती कोण करणार?"

"या ताईच," शिक्षक म्हणाले. "जुहूलाच करून घेतो. मग उडवत नेतो."

"मग नेण्याआधी एक अट आहे," मामा म्हणाला. "माझ्या बायकोला मनोरीवरून एक चक्कर मारून आणायची. मला नेता येणार नाही. तुम्ही न्या."

शिक्षकांनी मामीकडे बघून नमस्कार केला. "माझ्याकडून ठरलं," ते म्हणाले.

पुढचे काही महिने ते विमान माझ्या हाताखाली होतं. इंजिन सुटं करून पूर्ण जुळवलं, सडलेल्या नळ्या कापून नव्या जोडल्या, शेपटीचं कापड नव्याने चढवलं. मामा रविवारी येतच होता. पहिल्या दिवशी रुसलेल्या पोरासारखा कोपऱ्यात बसला. पुढच्या रविवारी उठून टॉर्च धरू लागला. मग माझ्या बोटांना जिथे पोचता येत नाही तिथे त्याची बोटं पोचतात असं आमच्या लक्षात आलं, आणि मी त्याला कामाला लावलं. आम्ही खूप हसलो त्या दिवसांत. मी म्हणायची, "आऽ करा," आणि तो इंजिनाच्या पोटात हात घालायचा. एकदाच तो मध्येच म्हणाला, "तिला एकदा तरी नेलं असतं रे देवा," आणि पुन्हा बोल्ट आवळू लागला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. दोन वर्षांनी कामानिमित्त मी त्या शाळेत गेले. ते विमान मैदानावर उभं होतं. शिकाऊ मुलांनी त्याची पार दशा केली होती. निळा पट्टा उडालेला, पोटाला लाल माती, गादी फाटून काथ्या बाहेर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते उडत होतं. मी सवयीने टॉर्च घेऊन फिरले, आतून बघितलं आणि मनात भाव लावला. मामाच्या हातून विकलं तेव्हाच्या भावापेक्षा तो चांगलाच वर होता. घरी येऊन मी हे मामाला सांगितलं. तो मग म्हणाला, "गादी शिवून घ्यायला सांग त्यांना." एवढंच.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहतो तो विमान जायचा दिवस. हवा स्वच्छ होती, समुद्रावरून हलका वारा येत होता. चाचणीचं उड्डाण आदल्याच दिवशी झालं होतं आणि मी सही केली होती. मामा इस्त्रीच्या शर्टात, हातात मामीच्या जुन्या लुगड्याचं ते फडकं. का आणलं होतं कुणास ठाऊक, सवयीने आणलं असेल. मामी नव्या नारायणपेठ साडीत. पदर खोचलेला, केसांत अबोलीचा गजरा. ती जराही घाबरलेली नव्हती. समुद्रावर वाढलेली बाई कशाला घाबरेल?

शिक्षक आत जाऊन बसले. मामी दाराशी आली आणि वाकली. पायातली एक चप्पल काढून तिने हातात घेतली, दुसरी काढायला लागली. इतकी वर्षं या विमानाच्या दाराशी ती तेच करत आली होती.

"राहू दे," मामा म्हणाला.

तिने वर पाहिलं.

"चपला राहू दे. घालून बस."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने काढलेली चप्पल जमिनीवर ठेवली आणि पुन्हा पाय आत सरकवला. मामाने खाली बसून तिच्या चपलेचा अंगठा सरळ केला, तिला हात दिला आणि दार लावलं.

ते धावपट्टीवरून उठलं, वर्सोव्याच्या बाजूला वळलं आणि मनोरीच्या दिशेने लहान होत गेलं. मामा डोळ्यांवर हात धरून बघत होता. किती वेळ झाला हे त्याने एकदाही विचारलं नाही. मीही घड्याळाकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं शिक्षक एक चक्कर मारून परत येतील, पण ते बराच वेळ आलेच नाहीत.

परत आल्यावर मामी उतरली. तिचे केस विस्कटलेले, गजरा कुठे गेला पत्ता नाही. ती मामाला सांगत होती, आपलं देऊळ दिसलं, भावाची होरी दिसली, वरून खाडी किती हिरवी दिसते, आणि मामा नुसता "हं, हं" म्हणत होता. त्याचं लक्ष आत होतं. खालच्या पट्टीवर, जिथे तिचे पाय टेकले होते तिथे, चपलेची माती लागलेली होती. दोन ठसे, स्पष्ट.

शिक्षकांनी इंजिन बंद केलं नव्हतं. त्यांना उन्हं चढायच्या आत घाट ओलांडायचा होता. मी मामाच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं आणि दार बाहेरून लावून घेतलं.